आपलं शेत

नीनाने डबा टेबलावर न ठेवता मांडीवर घेतला, आणि आजची दुपार सरळ जाणार नाही हे सुहासिनीला तेव्हाच कळलं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, कडेला गंज चढलेला. आत सुहासिनीच्या नवऱ्याने, विष्णूने, अमेरिकेत काढलेल्या रंगीत स्लाइड्स होत्या. मँचेस्टरचं घर सोडून लंडनमध्ये स्टॅनमोरला येताना सामान कमी करायचं म्हणून हा डबा नीनाकडे स्लाऊला गेला. तो परत मागितला की नीना म्हणायची, "बघते." तिने 'बघते' म्हटलं की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोट तरी काढ," सुहासिनी म्हणाली.

"काढते. आधी बाबांना सांग, मी हे दाखवायला आणलंय. द्यायला नाही."

"ते काय पलीकडच्या गावात आहेत? समोर बसलेत. तूच सांग."

"मी सांगितलं की भांडण होतं."

"आणि मी सांगितलं की?"

"तुला ते घाबरतात."

लाउंजच्या दुसऱ्या टोकाला विष्णू प्रोजेक्टरची काच पुसत होता. ऐंशी ओलांडलेल्या डॉक्टरला ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालत, आणि त्याचा त्याला बराच उपयोग होई. त्याने काचेवर फुंकर मारली आणि नात जवळ होती तिला म्हणाला, "दिया, पडदे ओढ बरं. आपल्याला अंधार लागणार आहे."

दहा वर्षांची दिया पडद्यांकडे पळाली. बाहेर मे महिन्यातलं स्वच्छ ऊन होतं आणि बँक हॉलिडेच्या सुट्टीमुळे रस्ता शांत होता.

भांडणाचं कारण पंधरवड्यापूर्वी अमेरिकेतल्या जुन्या ओळखीच्या कॅरनच्या ईमेलने आलं होतं. आयोवात ते सगळे राहत होते त्या गावाने बंद पडलेल्या शाळेत एक छोटं संग्रहालय उभं केलं होतं. ऐंशीच्या दशकात तिथली शेतं एकापाठोपाठ एक लिलावात गेली, त्या दिवसांचं. लोकांकडे फोटो होते, पण बहुतेक वर्तमानपत्रांतले, काळे-पांढरे. कॅरन तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला आठवलं, गावातल्या छोट्या हॉस्पिटलमधले ते भारतीय डॉक्टर नेहमी रंगीत फोटो काढायचे. तिने शोधून काढलं, लिहिलं, आणि विष्णूने त्याच दिवशी कळवून टाकलं: सगळ्या स्लाइड्स पाठवतो, ठेवून घ्या. आज चार वाजता ती व्हिडिओ कॉलवर येणार होती, कुठल्या स्लाइड्स लावायच्या ते ठरवायला.

डबा आपल्या मुलीच्या माळ्यावर आहे, हे त्याला कॅरनला हो म्हटल्यावर आठवलं.

स्वयंपाकघरात सून रेखा रूबार्बच्या आंबट देठांचे तुकडे करत होती. ती पुण्यात वाढलेली. रूबार्बचा मेथांबा होतो हे तिला लग्न करून इकडे आल्यावरच कळलं. कैरी मिळत नसे तेव्हा सुहासिनीने आयोवात तो पहिल्यांदा केला होता, डोरिस नावाच्या मैत्रिणीच्या अंगणातला रूबार्ब आणून.

"आई, ताई खरंच नाही देणार का हो?"

"गूळ घाल. नाही, अजून थोडा." सुहासिनीने पातेल्यात डोकावून पाहिलं. "लहानपणापासून तशीच आहे. आम्ही ते गाव सोडलं ना, ती सात वर्षांची होती. विमानात सबंध रात्र बापाशी बोलली नाही. मला वाटलं, मैत्रीण सुटली म्हणून. मग विसरेल म्हटलं."

"विसरल्या नाहीत."

"दिसतंच आहे."

बाहेर लाउंजमध्ये मँचेस्टरहून सकाळी आलेला मुलगा अतुल मध्यस्थी करायला लागला होता. त्याचा जन्म आयोवातला, पण आठवण एकही नाही, म्हणून आपण निःपक्षपाती आहोत असं त्याला वाटे.

"ताई, सोपं आहे. मी सगळं स्कॅन करतो, हाय रेझोल्युशन. ओरिजिनल त्यांना, फाइल्स आपल्याला. एव्हरीबडी हॅपी."

"मग उलटं कर ना. फाइल्स त्यांना."

"ते म्युझियम आहे. त्यांना ओरिजिनल लागतात."

"तू नेहमी बाबांच्या साइडला."

"मी कुणाच्या साइडला नाही. मी मँचेस्टरला असतो."

नीना हसली नाही. "आपला शेत गेला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता फोटोंचं तरी विचारा."

"आपलं!" स्वयंपाकघरातून सुहासिनीचा आवाज आला. बावीस वर्षं दर शनिवारी तिने मुलांना मराठी शिकवलं होतं. चूक कानावर पडली की हात पुसायचीही वाट पाहत नसे. "ते शेत. आपलं शेत गेलं."

"आपलं शेत गेलं," नीना म्हणाली. "थँक यू, आई. आता बरं वाटतंय."

*

विष्णूने ठरवलं होतं की भांडायचं नाही. दाखवायचं. आयुष्यभर रोग्यांच्या नातेवाइकांशी बोलून तो एवढं शिकला होता की एक्स-रे उजेडावर धरला की अर्धे प्रश्न आपोआप गळतात.

"पहिली दे," तो दियाला म्हणाला. नीनाने डब्याचं झाकण उघडलं, एक स्लाइड काढून मुलीच्या हातात दिली, आणि झाकण पुन्हा लावलं.

"आबा, ही कशी घालायची?"

"डोकं खाली, पाय वर. प्रोजेक्टर तिला उलटी करतो, म्हणून आपण आधीच उलटी घालायची."

"म्हणजे दोनदा उलटं म्हणजे सरळ?"

"शाबास. ढकल."

पंखा घरघरला, तापलेल्या धुळीचा वास आला, आणि भिंत निळी झाली.

एवढं निळं की रेखा हात पुसत दारात आली ती तिथेच थांबली. खाली कापणी झालेल्या मक्याचे पिवळे खुंट, मधे लाल कोठार, रंग पोपडे धरलेला, आणि कोठारापुढे बूट घातलेली एक आडव्या अंगाची बाई, कमरेवर हात ठेवून. तिच्या स्वेटरला कोपरावर दुसऱ्याच रंगाच्या लोकरीचं ठिगळ होतं, हिरव्यावर नारिंगी.

"डोरिस," सुहासिनी म्हणाली. ती केव्हा येऊन बसली ते कोणाला कळलं नव्हतं. "ठिगळ मी घातलंय. हिरवी लोकर नव्हती आणि ती नवी आणू देईना."

पुढची स्लाइड: बंद दुकानांची रांग, एका काचेवर आतून लावलेला तपकिरी कागद, आणि बाहेर पेट्युनियाच्या जांभळ्या फुलांची कुंडी, कुणीतरी अजून पाणी घालत असलेली. पुढची: वॉल्टर, डोरिसचा नवरा, लाल टोपी, गाडीच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खाताना. कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. त्याच्या बाजूला त्याच्याच सँडविचकडे बघणारा कुत्रा.

"आबा," दिया म्हणाली, "पण हे लोक पुअर होते ना?"

"झाले होते. कर्जं वाढली, धान्याचे भाव पडले. चांगले शेतकरी, पण भोवऱ्यात सापडले."

"मग हे कलरमध्ये का आहे? आमच्या हिस्टरीच्या पुस्तकात हार्ड टाइम्स ब्लॅक अँड व्हाइट असतात."

विष्णूला हा प्रश्न इतका आवडला की त्याने पुढची स्लाइड घ्यायचं थांबवलं. "हेच डोरिस म्हणाली होती. अगदी हेच. गावात पेपरवाले यायचे, पडकी कोठारं बघून फोटो काढायचे. ती मला म्हणाली, 'डॉक्टर, यांच्या फोटोत आम्ही आधीच मेल्यासारखे दिसतो. तुमच्याकडे रंगीत फिल्म आहे. आभाळ कसं होतं ते तरी राहू द्या.'"

"आभाळ छान होतं," दिया म्हणाली.

"फार छान असायचं. वाईट दिवसांतही आभाळाला काही कळत नाही."

नीनाने पुढची स्लाइड स्वतःहून दिली. विष्णूला वाटलं, जमतंय.

*

आणि मग ती स्लाइड आली.

नीनाने ती कधीच प्रोजेक्टरवर पाहिली नव्हती. खिडकीशी धरून पाहिली होती, अनेकदा, स्लाऊच्या घरात, नवरा आणि मुलगी झोपल्यावर नव्हे, तर भर दुपारी, कामाची फोनवरची माणसं ताटकळत ठेवून. नखाएवढं चित्र. आता ते भिंतभर झालं होतं. गवतावर ओळीने मांडलेली शेतीची अवजारं, टोप्या घातलेली माणसं, एका टेबलावर ॲपल-पाय आणि कॉफीची किटली. आणि मधे हिरव्या ट्रॅक्टरवर, दोन्ही हातांनी चाक धरून बसलेली, पिवळ्या रेनकोटातली छोटी नीना. रडून तोंड लाल.

"हा आपला शेत," ती दियाला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "हा त्याचा ऑक्शन. आणि आबा कुठे आहेत विचार. आबा कॅमेऱ्याच्या मागे आहेत. माझे बाबा आपला शेत विकत होते आणि फोटो काढत होते."

"आपलं शे–" सुहासिनीने सवयीने तोंड उघडलं.

"थांब," विष्णू म्हणाला. त्याने प्रोजेक्टरवरचा हात काढला. "लिंग राहू दे. नीना, काय म्हणालीस? कोण विकत होतं?"

"तुम्ही."

"मी? मी कसं विकेन? ते माझं होतं कुठे?"

पंखा घरघरत राहिला. भिंतीवरची छोटी नीना चाक धरून बसून राहिली.

"म्हणजे?" अतुल म्हणाला.

"म्हणजे काय म्हणजे? शेत वॉल्टरचं. त्याच्या बापाचं, त्याच्या आज्याचं. आपण त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. हॉस्पिटलने जागा दिली नव्हती म्हणून."

"बाबा, तुम्ही सगळं आयुष्य 'आपलं शेत' म्हणत आलात!" नीना म्हणाली. "आपलं शेत, आपलं कोठार, आपल्या गाई! मला वाटायचं वॉल्टर आपल्यासाठी ते बघतो!"

"अगं, मी 'आपला पोस्टमन' म्हणतो. तो काय मी विकत घेतलाय?"

"एक मिनिट," रेखा दारातून म्हणाली. तिच्या हातातून मेथांब्याचा चमचा अजून सुटला नव्हता. "अतुल, लग्नाआधी तू मला सांगितलं होतंस, अमेरिकेत आमचं फार्म होतं."

अतुलने छताकडे पाहिलं. "ताईने मला तेच सांगितलं होतं."

"मी माझ्या आईला सांगितलं! आईने अख्ख्या सोसायटीला सांगितलं! सोसायटीतल्या बायका अजून विचारतात, ते पुन्हा घेता येणार नाही का म्हणून!"

अतुलला हसू फुटलं, रेखाला रागावूनही फुटलं, पण नीनाकडे पाहून दोघं थांबली. नीना हसत नव्हती.

"आजी," दिया हळूच म्हणाली, "तू शनिवारी शिकवलं होतंस ना. 'आमचं' म्हणजे आमचं, तुमचं नाही. आणि 'आपलं' म्हणजे माझं आणि तुझं पण. इंग्लिशमध्ये दोघांना 'अवर'च."

सुहासिनीने डोळे मिटले. दर वर्षी, टर्मच्या तिसऱ्या शनिवारी, ती हा धडा घ्यायची. दुसऱ्यांच्या मुलांना. आणि स्वतःची मुलगी 'आपला शेत' म्हणाली की ती धावून धावून 'आपलं' करत राहिली. 'ला'चा 'लं' केला आणि काम झालं समजली. मुलगी काय म्हणते आहे ते ऐकलंच नाही.

"नीना," ती म्हणाली, "माझं चुकलं गं."

"तुझं काय चुकलं? मी प्रॉपर्टीची सॉलिसिटर आहे, आई." नीना डब्याच्या कडेवर बोट फिरवत होती. "दिवसभर लोकांच्या घरांची मालकी तपासते. आणि हे कधी विचारलं नाही. विचारलं तर भांडण होईल म्हणून." ती थांबली. "पण मग बाबा, मी रडत का होते? आपलं नव्हतं तर मला ट्रॅक्टरवर कोणी बसवलं?"

"वॉल्टरने," विष्णू म्हणाला. तो येऊन तिच्याजवळच्या खुर्चीत बसला. "बोली ट्रॅक्टरवर आली तेव्हा तू पळत येऊन वर चढलीस. उतरेनास. मी उचलायला गेलो तर वॉल्टर म्हणाला, 'राहू दे.' आणि लिलाव करणाऱ्याला म्हणाला, 'पोर खाली येईपर्यंत विकायचं नाही.' सगळी माणसं उभी. कुणी घड्याळ पाहिलं नाही. कॉफी प्यायले, ॲपल-पाय खाल्ला. तू दमून झोपलीस तेव्हा त्याने तुला अलगद उतरवलं आणि मग टोपी काढून बोली सुरू करा म्हणाला."

"आणि तुम्ही फोटो काढलात."

"डोरिसने सांगितलं म्हणून. ती म्हणाली, 'आमच्या बाजूने कोणीतरी रडतंय, ते घ्या.' मला चाकाजवळ जाऊन तुला पोटाशी धरायचं होतं. पण तिने मागितलेली एकच गोष्ट होती ती, आणि मी ती नीट केली. फोकस बघ. तुझ्या कोटाची बटणं मोजता येतात."

नीनाने भिंतीकडे पाहिलं. खरंच येत होती. पण तिने मोजली नाहीत. सगळ्या आयुष्यात तिला वाटत आलं होतं की या चित्रातली ती सोडून सगळी माणसं तिच्याविरुद्ध आहेत. आता तिने त्यांचे चेहरे पाहिले. कोणी तिच्यावर चिडलेलं नव्हतं. ते थांबले होते. तिच्यासाठी.

"म्हणजे आता मला शेत पण नाही," ती म्हणाली, आणि हसायला गेली ते जमलं नाही.

विष्णूने तिच्या हातावर हात ठेवला. डब्यावर नाही.

"ताईचं बरोबर आहे पण," अतुल अचानक म्हणाला. "बाबा, तुम्ही न विचारता हो म्हणायला नको होतं. त्या चित्रात ती आहे. ती देईल तर जाईल. आय ॲम ऑन हर साइड."

"मँचेस्टर सोडलंस?" नीना म्हणाली.

"टेम्पररी."

विष्णूने मान डोलावली. "ते खरं आहे. चुकलो. विचारायला हवं होतं." आणि तो तेवढ्यावरच थांबला, जे त्याच्याने फार क्वचित होई.

*

चार वाजता टीव्हीवर कॅरन आली, डोरिस आणि वॉल्टरची मुलगी. पांढऱ्या केसांचा बुचडा, बाहीला माती. तिकडे सकाळ होती. ती इंग्रजीत बोलत होती, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची दिल्यासारखी. तिने आधी विष्णूची तब्येत विचारली, मग सुहासिनीला रूबार्ब अजून मिळतो का ते, आणि मग नीनाकडे पाहत स्क्रीनजवळ सरकली.

"तू मोठी झालीस," ती म्हणाली.

"माझ्या मम्मीला वाटत होतं की तुमचं फार्म आमचं होतं," दियाने सांगून टाकलं.

"दिया!" तिघंजण एकदम म्हणाले.

पण कॅरन हसायला लागली. "अगं, तिला वाटणारच. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. बँकेचा माणूस आला तर त्यालासुद्धा. फाटकात उभी राहून. आम्हालाही तिने शिकवलं होतं. थांबा, तुम्हाला दाखवते."

चित्र हललं, आभाळ दिसलं, चिखलाचे बूट दिसले. शेत गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कॅरनने त्याच रस्त्यावर एक तुकडा भाड्याने घेतला होता, चालता चालता तिने सांगितलं. ती आता तिथे भाजी पिकवते आणि शनिवारी विकते. मग कॅमेरा वर गेला. फाटकावर लाकडी पाटी होती, पिवळ्या रंगाने लिहिलेली, इंग्रजी अक्षरांत, 'ला'ला दोन ए.

"आप-ला शेट," कॅरनने वाचलं. "डॅडने पहिली पाटी केली होती, ती गेली. ही मी केली. नीनाने मला त्या वेळी माझ्या वहीच्या मागे लिहून दिलं होतं, तसंच्या तसं. याचा अर्थ फार्म ना? डॅड म्हणायचे, यांच्या भाषेत फार्मला दोन शब्द लागतात, एक जमिनीला आणि एक माणसांना."



"स्पेलिंग बरोबर आहे ना?" कॅरनने विचारलं. "आज मिसेस सुहासिनी आहेत म्हणून विचारते. त्या टीचर होत्या असं डॉक्टरांनी लिहिलं होतं."

सगळ्यांच्या माना सुहासिनीकडे वळल्या. विष्णूची, अतुलची, दारातल्या रेखाची. दियाने तर उत्तर तयारच ठेवलं होतं. तिचं तोंड उघडलेलं दिसत होतं. नीना आईकडे पाहत नव्हती. ती पाटीकडे पाहत होती, सात वर्षांच्या पोरीच्या चुकीकडे, जी कुणीतरी दोनदा रंगवून ऊन-पावसात जपली होती.

सुहासिनीने नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे," ती कॅरनला म्हणाली. "एक अक्षरही बदलू नका."

नीनाने मांडीवरचा डबा उचलून टेबलावर ठेवला. मग झाकण काढलं, प्रोजेक्टरमधली स्लाइड अजून गरम होती ती दोन बोटांनी बाहेर ओढली, फुंकर घालून इतरांच्या शेजारी आपल्या जागी बसवली.

"कॅरन," ती म्हणाली, "पोस्टाने नको. मी घेऊन येते."